जन्म कोणी लिहून ठेवला: व्हर्जिनियातल्या सासरची वंशावळ, आईकडून आईकडे

माझं सासर व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातलं, तंबाखूच्या पट्ट्यातलं आफ्रिकन-अमेरिकन घर. मुलीची वंशावळ मांडायला घेतली तेव्हा माहेरची बाजू लवकर उरकली. मूळ गाव आणि आडनाव ठाऊक असलं की त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावं मिळतात, आणि ती बापाकडून बापाकडे जातात. सासरी हा रस्ता चालत नाही. तिथे आडनाव बहुधा १८६५ नंतरच, म्हणजे गुलामगिरी संपल्यावरच, कागदावर येतं आणि त्याआधी बापाचा उल्लेख क्वचितच असतो. गुलामगिरीच्या काळातलं जे काही टिकलंय ते आईच्या नावाला बांधलेलं आहे. म्हणून एकेक जन्म धरायचा आणि आईकडून आईकडे मागे जायचं. प्रत्येक जन्माला मी आधी एकच प्रश्न विचारते: हा कोणी लिहून ठेवला, आणि त्याला त्यातून काय हवं होतं? याचं उत्तर मिळालं की कागद कुठे शोधायचा ते समजतं, आणि त्यातल्या कशावर विश्वास ठेवायचा तेही.

सुरुवात सासूबाईंपासून. त्यांचा जन्म १९४१ चा. व्हर्जिनियात जन्मदाखला १०० वर्षं खुला होत नाही. ती व्यक्ती स्वतः किंवा अगदी जवळचे नातेवाईक तो मागवू शकतात, शुल्क १२ डॉलर. मागवताना मूळ दाखल्याची छायाप्रत मागायची. संगणकावरून छापून देतात त्या संक्षिप्त दाखल्यात नाव, तारीख, ठिकाण आणि आईवडील एवढंच असतं. मूळ कागदावर आईवडिलांचं वय, त्यांचं जन्मस्थान, धंदा, या आईची आधीची किती मुलं आणि त्यातली हयात किती, आणि तळाशी बाळंतपण करणाऱ्याची सही असते. खरा माल तिथे आहे.

त्या काळात दक्षिणेत कृष्णवर्णीय घरांतली बरीचशी बाळंतपणं सुईणीच करत. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर (आई आणि बाळाच्या आरोग्यासाठी सरकारी निधी देणारा कायदा) आरोग्यखात्यांनी या सुईणींचे वर्ग घेतले, त्यांना परवाने दिले. पांढरा ॲप्रन, तपासणीला दाखवायची पिशवी, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, आणि जन्माचा फॉर्म भरून स्थानिक निबंधकाकडे पोचवण्याची जबाबदारी. ज्यांना लिहिता येत नसे त्या शाळेच्या बाईंकडून नाहीतर शेजाऱ्याकडून फॉर्म भरून घेत. त्यामुळे आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. बारसं व्हायच्या आत फॉर्म गेला असेल तर नावाचा रकाना रिकामा राहतो, म्हणून नावाने शोधून काही मिळालं नाही तर आईचं नाव आणि जन्माचा महिना यांवरून शोधावं. एखाद्या सुईणीने त्याच वाडीतल्या दोन पिढ्यांची बाळंतपणं केलेली असतात. तिचं नाव टिपून ठेवलं की भावंडांचे दाखलेही ओळखू येतात.

वर्णाच्या रकान्याबद्दल इथेच सांगते. व्हर्जिनियाच्या जन्ममृत्यू नोंदणी विभागाचा प्रमुख वॉल्टर प्लेकर १९१२ ते १९४६ त्या खुर्चीत होता. १९२४ च्या वंशशुद्धीच्या कायद्याचा आधार घेऊन त्याने लोकांचे वर्ण स्वतःच्या मताने बदलले, दाखल्यांवर शेरे मारले. त्याचा सर्वांत मोठा फटका मूळ अमेरिकन जमातींना बसला. त्यामुळे या काळातल्या दाखल्यावरचा वर्ण म्हणजे त्या कार्यालयाचं मत, एवढंच मी धरते. घरातल्यांनी काय सांगितलं होतं ते दुसऱ्या कागदांतून काढावं लागतं.

सासूबाईंच्या आईचा जन्म १९०८ चा, म्हणजे नेमका खड्ड्यात. व्हर्जिनियाने जन्म नोंदवण्याची पहिली पद्धत १८९६ मध्ये बंद केली आणि राज्यभराची नवी पद्धत १४ जून १९१२ ला सुरू झाली. मधल्या काळात जन्मलेल्यांची सरकारी नोंद शोधत बसू नये. शोधायचा तो उशिराचा दाखला. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीच्या पेन्शनच्या) कायद्यानंतर, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संरक्षण कारखान्यांत नोकरीसाठी नागरिकत्वाचा पुरावा लागू लागला तेव्हा, हजारो प्रौढ माणसांनी स्वतःच्या जन्माची नोंद नव्याने करून घेतली. घरच्या बायबलमधलं पान, शाळेचा दाखला, विम्याची पॉलिसी, जनगणनेचा उतारा, सुईणीचं किंवा वडीलधाऱ्या नातेवाइकाचं शपथपत्र, यांपैकी पुरावे जोडावे लागत. कोणते पुरावे पाहिले ते दाखल्याच्या खालच्या भागात लिहिलेलं असतं. लोक ती ओळ वाचायची सोडतात. पण तिथेच पुढचा पत्ता मिळतो: कुठल्या शाळेचं रजिस्टर, कोणत्या मावशीने शपथ घेतली, तिचं वय काय. वेळच्या वेळी केलेल्या दाखल्यापेक्षा हा उशिराचा दाखला मला जास्त बोलका वाटतो, कारण इथे माणूस स्वतःचा जन्म स्वतः सिद्ध करत होता.

त्याच्या जोडीला एसएस-५ मागवावा. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी नोव्हेंबर १९३६ पासून भरला जाणारा हा अर्ज. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्माचं गाव आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), वडिलांचं पूर्ण नाव, आईचं लग्नाआधीचं नाव, सगळं अर्जदाराने सांगितलेलं. पुरुषांसाठी सैन्यभरतीची कार्डं आहेत. ५ जून १९१७ च्या कार्डावर जन्मतारीख आणि जन्मस्थान आहे, आणि डाव्या कोपऱ्यात खाली छापलेली सूचना: माणूस आफ्रिकन वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. डिजिटल प्रतीत तो फाटका कोपरा स्पष्ट दिसतो. एकाच नावाची दोन माणसं एकाच काउंटीत असतील, तर कोणतं कार्ड कोणाचं हे ठरवायला त्या फाटलेल्या कोपऱ्याचाच उपयोग होतो. १८७७ ते १८९७ च्या दरम्यान जन्मलेल्यांसाठी एप्रिल १९४२ चं कार्डही पाहावं. त्यावर जन्माचं गाव पुन्हा विचारलेलं आहे.

त्याच्या मागची पिढी, सासूबाईंची आजी, १८८३ ची. तिच्यासाठी तीन कागद लागतात. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल दोन्ही आहेत, शिवाय प्रत्येक विवाहित बाईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत तेही. दहा झाली आणि सहा हयात असं लिहिलं असेल, तर चार मुलं शोधायची राहिलीत असं समजायचं; ती बहुधा १८८० आणि १९०० यांच्या मधे जन्मून गेलेली, कारण १८९० ची जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनच्या आगीपायी जवळजवळ पूर्ण गेली. दुसरा कागद काउंटीचं लग्नाचं रजिस्टर. व्हर्जिनियात वधूवरांचं वय, जन्मस्थान आणि दोघांच्याही आईवडिलांची नावं त्यात लिहीत, आणि माहिती द्यायला नवरामुलगा स्वतः कचेरीत उभा असे. तिसरा मृत्यूचा दाखला. त्यात आईवडिलांची नावं असतात, पण ती सांगणारा बहुतेक वेळा मुलगा, सून किंवा शेजारी असतो आणि त्याने त्या माणसांना पाहिलेलंही नसतं. लग्नाचं रजिस्टर आणि मृत्यूचा दाखला यांत तफावत असेल तर मी लग्नाच्या बाजूने उभी राहते.

१८५३ ते १८९६ या काळात व्हर्जिनियात जन्मांच्या याद्या कर आकारणारा अधिकारी करत असे, वर्षातून एकदा, करासाठी फिरता फिरता. जानेवारीत जन्मून मार्चमध्ये गेलेलं मूल तो दारात येईपर्यंत कोणी सांगितलं नाही तर राहून जाई. तारीखही आठवणीतून सांगितलेली. महिना बरोबर आणि दिवस चुकीचा हे इथे नेहमीचंच, म्हणून दिवस जुळत नाही एवढ्यावरून नोंद बाजूला टाकू नये.

आता १८७०. या जनगणनेत गुलामगिरीतून सुटलेली माणसं पहिल्यांदा नावानिशी येतात. नातं मात्र लिहिलेलं नाही. कुटुंबप्रमुखाशी नातं हा रकाना १८८० पासूनचा. एका घरात पस्तिशीची बाई आणि तेरा वर्षांची मुलगी दिसली की ती मायलेकी असं धरून चालता येत नाही. ती भाची असेल, विकल्या गेलेल्या शेजारणीची लेक असेल. १८७० चं घर १८८० मध्ये पुन्हा गाठायचं, आणि मगच नातं लिहायचं. अगोदर हेही पाहावं की हे कुटुंब अमेरिकेच्या यादवी युद्धाआधीच स्वतंत्र होतं का. १८६० मध्ये अमेरिकेत ३९,५३,७६० माणसं गुलामगिरीत होती आणि सुमारे ४,८८,००० कृष्णवर्णीय स्वतंत्र. स्वतंत्र माणसं १८५० आणि १८६० च्या साध्या जनगणनेत नावानिशी आहेत, आणि व्हर्जिनियाच्या काउंटी कचेऱ्यांत त्यांची वेगळी रजिस्टरं होती: उंची, अंगावरचे व्रण, आणि जन्मतः स्वतंत्र की मुक्त केलेला. ही तपासणी आधी केली तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

आमच्या घरात तसं कोणी नव्हतं. सासूबाईंची पणजी १८५७ मध्ये गुलामगिरीत जन्मली. तिच्या जन्माबद्दलचे दोन कागद शेजारी ठेवले की या सगळ्या कामाचं मर्म दिसतं.

पहिला कागद काउंटीच्या जन्मयादीतला. व्हर्जिनियाने गुलाम मुलांचे जन्मही १८५३ पासून याच यादीत घेतले. ओळीत महिना, मुलगी असा शेरा आणि आईचं फक्त पहिलं नाव. बापाच्या जागी काही नाही. मालकाचं नाव पूर्ण, आडनावासकट, आणि माहिती देणारा कोण तर मालक. कित्येक ओळींत बाळाचं नावही नसतं. मालकासाठी हा मालमत्तेत पडलेल्या भरीचा हिशोब होता. व्हर्जिनियाने डिसेंबर १६६२ मध्येच कायदा केला होता की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. बाप कोण याने मालकाच्या हिशोबात काही फरक पडत नव्हता, म्हणून तो लिहिला गेला नाही. आईचं नाव लिहिलं गेलं, कारण मालकी तिच्याकडून खाली येत होती.

दुसरा कागद १८६६ चा. २७ फेब्रुवारी १८६६ च्या कायद्याने व्हर्जिनियाने पतिपत्नी म्हणून एकत्र राहणाऱ्या मुक्त जोडप्यांची लग्नं आणि त्यांची मुलं कायदेशीर ठरवली, आणि फ्रीडमेन्स ब्यूरोच्या (गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याच्या) अधिकाऱ्यांनी काउंटीनिहाय रजिस्टरं केली. नवऱ्याचं नाव, वय, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण, धंदा, शेवटचा मालक आणि तो कुठे राहतो. बायकोचे रकाने तसेच. मग मुलांची नावं, वयं, आणि एकत्र राहायला सुरुवात केली ती तारीख. या रजिस्टरात ती मुलगी आहे, नऊ वर्षांची, आईखाली आणि बापाखाली. बापाचा शेवटचा मालक वेगळा. नवराबायको दोन वेगवेगळ्या मालकांच्या शेतांवर असणं व्हर्जिनियात अगदी नेहमीचं होतं. नवऱ्याला शनिवारी रात्री परवाना घेऊन चालत यावं लागे. १८५७ च्या यादीत बाप नाही याचा अर्थ बाप नव्हता असा होत नाही, पण बापच नव्हता असा निष्कर्ष काढणाऱ्या कित्येक वंशावळी मी पाहिल्या आहेत. तिथे बोलणारा मालक होता. १८६६ मध्ये आईबाप स्वतः टेबलासमोर उभे राहून मुलांची नावं सांगत होते.

ही १८६६ ची रजिस्टरं सगळ्या काउंटींची टिकलेली नाहीत. टिकलेल्यांपैकी बरीच रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ या प्रकल्पात पाहता येतात. तुमच्या काउंटीचं नसेल तर फ्रीडमेन्स ब्यूरोचे मजुरीचे करार, शिधावाटपाच्या याद्या आणि शाळांची पटं आहेत. २०१६ मध्ये पुरी झालेल्या स्वयंसेवकांच्या सूचीत सुमारे १८ लाख नावं आहेत. फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची (१८६५ ते १८७४) खात्यांची रजिस्टरंही पाहावीत. खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँक आईबाप, भावंडं, मुलं, जन्मस्थान सगळं विचारत असे. घरातलं कोणी उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणीत होतं का तेही बघा. असे सुमारे १,७९,००० सैनिक होते. विधवेच्या पेन्शनच्या फाइलीत मुलांच्या जन्मतारखा सिद्ध करायला सुईणींनी आणि शेजारणींनी दिलेल्या जबान्या असतात.

मालकाचं नाव हातात आलं की पलीकडचं काम मालकाच्या कागदांत. आडनावावरून मालक शोधू नये. पुष्कळांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं नाही. कोणी बापाच्या मालकाचं घेतलं, कोणी दोन पिढ्यांपूर्वीच्या, कोणी स्वतःच्या पसंतीचं. मालक माहीत नसेल तर १८७० च्या जनगणनेत आपल्या घराच्या मागची पुढची दहा दहा पानं वाचून, ज्या गोऱ्या शेजाऱ्यांच्या नावापुढे मोठी जमीन आहे त्यांची यादी करावी आणि ती १८६० च्या गुलामांच्या यादीशी ताडावी. त्या यादीत नावं नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण, एवढ्याच ओळी. वर्षाच्या आतलं बाळ अपूर्णांकात लिहिलेलं असतं: सहा महिन्यांचं असेल तर ६/१२. एक गोष्ट इथे गोंधळ घालते. गुलाम वर्षभरासाठी भाड्याने देत, करार साधारण जानेवारीत होत, आणि १ जून १८६० ला तो माणूस भाड्याने घेणाऱ्याच्या शेतावर मोजला गेलेला असू शकतो. वयंही चार-पाच वर्षांनी इकडेतिकडे असतात. ही यादी मी फक्त संशयिताला वगळण्यासाठी वापरते. आठ वर्षांच्या कोणत्याही मुलीची ओळ म्हणजे आपलीच मुलगी असं म्हणता येत नाही.

खरा आधार मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, वाटण्या, खरेदीखतं आणि गहाणखतं. खापरपणजीचा, म्हणजे १८३२ च्या आसपास जन्मलेल्या त्या आईचा, पत्ता असाच लागतो. मालक मेला की कोर्ट मूल्यमापन करणारे नेमतं आणि ते घर, शेत, जनावरं, भांडी यांच्याबरोबर माणसांची यादी करतात, नावापुढे डॉलरमध्ये किंमत. तान्हं मूल आईच्या ओळीतच, दोघांची मिळून एक किंमत. त्या एका ओळीतून जन्माचं साल वर्षभराच्या अंदाजात मिळतं. मृत्युपत्रात मालक आपल्या लेकीला एखादी बाई देतो, तिला पुढे होणाऱ्या मुलांसह. न जन्मलेली मुलंही वाटून टाकलेली असतात. इथे पुष्कळांचा धागा तुटतो, आणि त्याचं कारण साधं आहे: ती लेक लग्न करून गेली की कायद्याने मालमत्ता तिच्या नवऱ्याच्या ताब्यात जाते, आणि पुढच्या कागदांत नाव जावयाचं येतं. म्हणून मालकाच्या सगळ्या मुलींची लग्नं आधी काढून ठेवावीत आणि जावयांच्या नावाने पुढच्या वह्या चाळाव्यात. वारसांचं भांडण चान्सरी कोर्टात (वाटण्यांचे वाद सोडवणाऱ्या कोर्टात) गेलं असेल तर फारच उत्तम. त्या फाइलींत माणसांचे सारख्या किमतीचे गट पाडून चिठ्ठ्या टाकल्याचे कागद मिळतात, आणि कोणती मुलं कोणत्या आईबरोबर गेली, कोणती तोडली, हे त्यातच दिसतं. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने या फाइलींच्या प्रतिमा मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन ठेवल्या आहेत. हॅनोव्हर किंवा जेम्स सिटी अशा काउंटींत मात्र हात बांधले जातात, कारण सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवलेले त्यांचे कागद ३ एप्रिल १८६५ च्या आगीत गेले. तिथे शेजारच्या काउंटीत मालकाची दुसरी जमीन होती का हे बघावं.

जुळवणी पक्की कधी मानायची? मी एका नावावर कधीच थांबत नाही, कारण तीच आठ-दहा पहिली नावं दर शेतावर आहेत. आई आणि निदान तीन मुलं, त्याच क्रमाने, त्याच अंतराने, मालकाच्या यादीत आणि १८६६ किंवा १८७० च्या घरात, दोन्हीकडे दिसली तरच रेष ओढते. तोवर तुटक रेष.

डीएनए याच्या नंतर. चाचणी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची आधी करावी, कारण प्रत्येक पिढीला तो वाटा निम्मा होतो. ज्यांची खापरपणजी एकच आहे अशा भावंडांत सरासरी ७० सेंटिमॉर्गनच्या (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) आसपास जुळतं, आणि दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही. सरळ आईकडच्या रेषेसाठी मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची, चाचणी आहे, पण तो डीएनए इतका सावकाश बदलतो की जुळला तर फारसं सिद्ध होत नाही. अजिबात जुळला नाही तर मात्र दोन बायका एका आईच्या नव्हत्या हे जवळजवळ नक्की. आफ्रिकन-अमेरिकनांच्या डीएनएत युरोपीय वाटा सरासरी २४ टक्क्यांच्या आसपास निघतो, तेव्हा मालकाच्या घराण्यातले वंशज जुळणाऱ्यांत येणारच. तरीही मालकाचं नाव मी बापाच्या चौकटीत घालत नाही. भाऊ, मुलगा, मुकादम, शेजारी, कोणीही असू शकतो, आणि अशा ठिकाणी अंदाजाने नाव लिहिणं त्या बाईवर दुसऱ्यांदा अन्याय करण्यासारखं आहे. चौकट रिकामी ठेवून टीप लिहिते.

ज्या मूल्यमापनाच्या यादीत सासरची बाई सापडते, त्यातली बाकीची सगळी नावंही मी किमतीसकट, आईमुलांच्या जोड्यांसकट टंकून घेते आणि मालकाचं नाव, काउंटी, वहीचा क्रमांक आणि पान लिहून खुली ठेवते. प्रोबेटच्या (मृताच्या मालमत्तेच्या कोर्टकागदांच्या) सूचीत फक्त मेलेल्या मालकाचं नाव असतं, त्यामुळे आत लिहिलेली माणसं त्यांच्या पणतवंडांना नावाने शोधून सापडत नाहीत. तुम्हीही यादी उघडलीत तर आपली ओळ घेऊन वही मिटू नका, पूर्ण पान उतरवून घ्या.